‘उद्या सकाळी सामना खेळायला येशील?’

पंचही नाही, प्रशिक्षकही नाही. स्वतः ठरवलेल्या सरावाच्या सामन्यांतून टेनिस शिकताना

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईतील टेनिस कोर्टांवर सकाळी सहापासूनच वर्दळ सुरू होते. चेंडूंनी भरलेली टोपली घेऊन प्रशिक्षक जाळ्यापलीकडे उभे असतात. मुले रांगेत थांबतात. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा फोरहँड येतात आणि तो पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. तासाभराने चेंडू गोळा होतात, फाटकाबाहेर दुचाकी आणि मोटारी लागलेल्याच असतात, आणि साडेसातच्या सुमारास कोर्ट दुसऱ्या तुकडीसाठी मोकळे होते. या तासाभरात मुलांनी शेकडो फटके मारलेले असतात. मात्र ‘पंधरा-शून्य’ असे कोणीही एकदासुद्धा म्हटलेले नसते.

याच तुकडीतील एखादी बारा वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात राज्य मानांकन स्पर्धेत उतरते आणि पहिल्याच फेरीत, तिच्याहून सामान्य फटके असलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून हरते. पालक चक्रावतात. ‘सरावात तर किती सुंदर खेळते!’ हे वाक्य कनिष्ठ गटाच्या कोणत्याही स्पर्धेच्या ठिकाणी ऐकायला मिळते. त्यावर उपाय म्हणून आणखी एक शिकवणी, आणखी एक शिबिर किंवा नवी रॅकेट घेतली जाते. दोष मात्र बहुतेकदा फटक्यात नसतो. त्या मुलीने सामनेच पुरेसे खेळलेले नसतात. हे सामने मिळवण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे मुलांनी आपापसात ठरवून खेळलेले सरावाचे सामने.

बाद फेरीचे गणित

अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या कनिष्ठ स्पर्धा बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालील अशा गटांत होतात. त्यांचे स्वरूप मुख्यतः बाद पद्धतीचे असते. ३२ खेळाडूंचा ड्रॉ घेतला, तर त्यात एकूण ३१ सामने होतात. पहिल्या फेरीअखेर १६ खेळाडू बाहेर पडतात, दुसऱ्या फेरीअखेर आणखी ८. म्हणजे ३२ पैकी २४ मुलांच्या वाट्याला एक किंवा दोनच सामने येतात. पाच सामने फक्त दोघांना मिळतात, आणि तेही मुळात सर्वांत जास्त सामने खेळणारे असतात. ज्यांना सामन्यांची गरज अधिक, त्यांनाच ते कमी मिळतात, हा बाद पद्धतीचा स्वभाव आहे.

पुरस्कृत मुख्य फेरीच्या मागे पात्रता फेरी असते, काही स्पर्धांत दुहेरीही असते. तरीही मूळ गणित फारसे बदलत नाही. सोलापूरहून नागपूरला किंवा कोल्हापूरहून मुंबईला स्पर्धेसाठी जायचे म्हणजे प्रवास, मुक्काम, जेवण, प्रवेशशुल्क आणि पालकांपैकी एकाची रजा एवढे सगळे आले. हा सारा खर्च पाऊण तासाच्या एका सामन्यासाठी होतो. त्या एका सामन्यावर इतके काही लागलेले असल्यामुळे मूल दडपणाखाली खेळते, चुकते आणि घरी परतते. अशी चार-पाच स्पर्धांची मालिका झाली की खेळ सोडण्याचा विचार सुरू होतो.

आता याच मुलीच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या चार मुली एका शनिवारी एकत्र आल्या असे समजू. चौघींनी प्रत्येकीशी एकेक सामना खेळायचा ठरवला, तर एकूण सहा सामने होतात आणि प्रत्येकीला तीन मिळतात. सेट सहाऐवजी चार गेमचा ठेवला आणि चार-चार अशा बरोबरीनंतर टायब्रेक घेतला, तर एक सामना साधारण पंचवीस मिनिटांत संपतो. एका कोर्टवर अडीच तास, दोन कोर्टे मिळाली तर सव्वा तास. खर्च कोर्टच्या भाड्याचा आणि चेंडूंच्या एका डब्याचा. तोही चौघींत वाटून.

टोपलीतल्या चेंडूला डाव माहीत नसतो

टोपलीतून चेंडू देऊन घेतलेला सराव निरुपयोगी असतो, असे मुळीच नाही. फटक्याची घडण त्यातूनच होते. मात्र तिथे चेंडू कुठे येणार, किती वेगाने येणार आणि पुढचा कधी येणार, हे मुलाला आधीच ठाऊक असते. सामन्यात यांपैकी काहीच ठाऊक नसते. तिथे आधी चेंडू ओळखावा लागतो, मग निर्णय घ्यावा लागतो आणि फटका त्यानंतर येतो.

जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग क्रीडाशास्त्रात आजही शिकवला जातो. हाताच्या ठरावीक हालचाली शिकताना एका गटाने एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने सगळ्या हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा दुसऱ्या गटाने बाजी मारली. सरावात सफाईदार दिसणे आणि प्रत्यक्षात शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा. सामना म्हणजे असा उलटसुलट सरावच असतो. शिवाय त्याला गुणांचे वजन असते.

दुसरा मुद्दा सर्व्हिस आणि तिच्या परतीच्या फटक्याचा. टेनिसमधील प्रत्येक गुण सर्व्हिसने सुरू होतो. व्यावसायिक टेनिसमध्ये बहुसंख्य गुण पहिल्या चार फटक्यांतच संपतात. तरीही अनेक वर्गांत तासातील शेवटची दहा मिनिटेच सर्व्हिसला मिळतात, आणि तीही समोर परतवणारा कोणी नसताना. तीस-चाळीस असा गुण असताना दुसरी सर्व्हिस आत टाकण्याची सवय टोपलीतून लागत नाही. ती लागण्यासाठी समोर कोणीतरी तो गेम जिंकायला टपलेला असावा लागतो.

तिसरा मुद्दा हरण्याच्या सवयीचा. रॉजर फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात आपल्या कारकिर्दीचा हिशेब मांडला होता. एकेरीच्या दीड हजारांहून अधिक सामन्यांपैकी जवळपास ऐंशी टक्के त्याने जिंकले. पण त्या सामन्यांतील एकूण गुणांपैकी त्याच्या वाट्याला आले अवघे ५४ टक्के. म्हणजे फेडररलाही जवळपास प्रत्येक दुसरा गुण गमवावा लागला. गेलेला गुण मागे टाकून पुढच्यासाठी उभे राहणे हे कौशल्य आहे, आणि ते गुण मोजल्याशिवाय येत नाही.

गल्लीतल्या क्रिकेटची शाळा

महाराष्ट्रातील मुलांना खरे तर हे नवे नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना मुले स्वतःच गडी वाटून घेतात, ‘एक टप्पा आउट’ असे नियम स्वतःच करतात, खिडकीची काच फुटली तर काय याचाही तोडगा काढतात. लगोरीत राज्य कोणावर, यावर भांडणे होतात आणि ती मिटतातही. कारण भांडण मिटले नाही तर खेळ थांबतो. शिवाजी पार्क किंवा आझाद मैदानावर रविवारी एकमेकांत मिसळलेले डझनभर सामने कोणा एका अधिकाऱ्याने आखलेले नसतात.

टेनिसमध्ये ही परंपरा रुजली नाही, याला कारणे आहेत. कोर्टचे आरक्षण करावे लागते, भाडे द्यावे लागते, क्लबचे सभासदत्व लागते. मुले घरापासून दूरच्या अकादमीत जातात आणि तिथल्या तासापुरतीच एकमेकांना भेटतात. त्यामुळे खेळ म्हणजे कोणीतरी मोठ्याने आखून दिलेला तास, अशी समजूत लहानपणापासूनच होते. कोणाशी खेळायचे हे प्रशिक्षक ठरवतात, केव्हा खेळायचे हे पालक ठरवतात. मुलाच्या हाती फक्त रॅकेट उरते.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार, माणसाला एखाद्या गोष्टीची आतून ओढ लागण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात: निर्णय आपला असल्याची भावना, आपल्याला जमते आहे याची जाणीव आणि इतरांशी जुळलेले नाते. मुलाने स्वतः फोन करून ठरवलेल्या सामन्यात या तिन्ही गोष्टी एकदम येतात.

विचारायचे कोणाला आणि कसे?

पहिली अडचण संकोचाची असते. समोरचा ‘नाही’ म्हणाला तर? त्यासाठी विचारणा मोघम नसावी. ‘कधीतरी खेळूया’ याला कोणीही ‘हो’ म्हणतो आणि सामना होत नाही. ‘ताई, शनिवारी सकाळी सात ते साडेआठ तुला वेळ आहे का? कोर्ट मी सांगून ठेवते, चेंडू माझे. दोन सेट खेळू,’ असे विचारले की समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते. नकार आला तर त्यामागे बहुधा परीक्षा, लग्नकार्य किंवा थकवा असतो. दुसरी वेळ विचारावी आणि पुढचा क्रमांक फिरवावा.

जोडीदार निवडताना प्रशिक्षकांमध्ये एक जुना ठोकताळा प्रचलित आहे: एक तृतीयांश सामने आपल्यापेक्षा सरस खेळाडूशी, एक तृतीयांश बरोबरीच्याशी आणि एक तृतीयांश कमी ताकदीच्या खेळाडूशी. सरस खेळाडू आपले कच्चे दुवे उघडे पाडतो. बरोबरीच्या खेळाडूशी चुरस होते आणि निकराच्या क्षणी डोके शांत ठेवायला शिकता येते. कमी ताकदीच्या खेळाडूसमोर नवा फटका वापरून पाहता येतो. शिवाय ‘जिंकायलाच हवे’ हे दडपणही तिथेच कळते. बहुतेक मुलांना पहिला प्रकार हवा असतो आणि तिसरा टाळायचा असतो. आपणही कोणाचा तरी ‘तिसरा प्रकार’ असतो, हे लक्षात ठेवले की लहान मुलाच्या फोनला नकार देणे अवघड जाते.

या बाबतीत स्पेनच्या मायोर्का बेटाचे उदाहरण बोलके आहे. त्या बेटावरचा कार्लोस मोया १९९८ मध्ये फ्रेंच ओपन जिंकला आणि १९९९ मध्ये जागतिक क्रमवारीत अव्वल ठरला. त्याच बेटावर त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला राफेल नदाल वाढत होता. मोया या शाळकरी मुलाबरोबर सराव करीत असे. २००३ मध्ये हॅम्बुर्गच्या स्पर्धेत दोघे समोरासमोर आले तेव्हा नदालने मोयाला हरवले. पुढे हाच मोया नदालचा प्रशिक्षक झाला.

सोळा वर्षांच्या दादाशी खेळण्यासाठी बारा वर्षांच्या मुलाला जागतिक विजेता शेजारी असण्याची गरज नाही. क्लबमध्ये संध्याकाळी दुहेरी खेळणारे पन्नाशीचे काका, महाविद्यालयीन संघातील खेळाडू आणि क्लबचे मार्कर हेही उत्तम प्रतिस्पर्धी ठरतात. काकांचा संथ, कापलेला चेंडू अनेक तरण्या फोरहँडची परीक्षा घेतो.

पंच नसतो तेव्हा

कनिष्ठ स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बहुधा खुर्चीवर पंच नसतो. खेळाडूंनीच निर्णय द्यायचे असतात. त्याचा सराव स्पर्धेआधीच व्हायला हवा. नियम थोडके आहेत. जाळ्याच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपण द्यायचा, तो ताबडतोब आणि मोठ्याने. रेषेला चेंडूचा थोडासा स्पर्श झाला तरी तो आत. शंका असेल तर चेंडू आत धरायचा. शंकेचा फायदा प्रतिस्पर्ध्याला. प्रत्येक गुणाआधी सर्व्हिस करणाऱ्याने गुणसंख्या ऐकू जाईल अशी सांगायची. गुणांबाबत मतभेद झाला तर दोघांना मान्य असलेल्या आकड्यापर्यंत मागे यायचे आणि तिथून पुढे खेळायचे. मातीच्या कोर्टवर चेंडूचा ठसा दाखवण्याची विनंती करता येते; ती शांतपणे करावी.

कागदावर हे सोपे वाटते. चार-चार अशा बरोबरीत, रेषेवर पडलेल्या चेंडूला ‘आत’ म्हणून स्वतःचा गुण घालवणे मात्र मोठ्यांनाही जड जाते. मराठी मुलांना ‘रडीचा डाव’ हा शब्दप्रयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. स्वतः ठरवलेल्या सामन्यात रडीचा डाव खेळणाऱ्याला शिक्षा करायला पंच नसतो. पण पुढच्या शनिवारी त्याला कोणी फोन करीत नाही. ही शिक्षा पुरेशी असते.

टेनिसमध्ये अनेक दशके सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूशी बोलणे निषिद्ध होते. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी कोर्टबाहेरून मार्गदर्शन करण्याची वाट मोकळी केली आहे. तरीही दोन गुणांमधले २५ सेकंद आणि बाजू बदलतानाचे ९० सेकंद मुख्यतः खेळाडूचे एकट्याचेच असतात. त्या वेळात काय करायचे, हे कोणी तरी कडेला बसून सांगत राहिले तर ते मुलाला कधीच उमगत नाही.

सामना संपल्यावर दोन मिनिटे वहीसाठी ठेवावीत. गुणसंख्या, दुहेरी चुका किती झाल्या, बरेचसे गुण कोणत्या बाजूने गेले आणि पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट करून पाहायची, एवढ्या चार नोंदी पुरतात. या सामन्यांचे गुण संघटनेच्या क्रमवारीत धरले जात नाहीत. हा तोटा नव्हे. क्रमवारी पणाला लागलेली नसते म्हणूनच दुसऱ्या सर्व्हिसवर पुढे धावून पाहण्याचे धाडस इथे करता येते.

पालकांनी कुठे थांबायचे?

मुलांनी स्वतः ठरवायचे म्हणजे पालकांनी अंग काढून घ्यायचे, असा अर्थ नाही. मूल कुठे जाते, कोणाशी खेळते आणि परत कधी येते, हे घरी माहीत असलेच पाहिजे. कोर्टच्या आवारात एखादी जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी. बारा वर्षांखालील मुलांचे फोन पालकांच्याच क्रमांकावरून व्हावेत. बोलणे मात्र मुलाने करावे. दहा वर्षांखालील मुलांसाठी लाल, नारिंगी किंवा हिरव्या ठिपक्याचे संथ चेंडू वापरावेत. आंतरराष्ट्रीय संघटनेने या वयोगटाच्या स्पर्धांसाठी २०१२ पासून असेच चेंडू बंधनकारक केले आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात सामना सकाळी नऊच्या आत संपवावा, पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी असावी, आणि पावसाळ्यात ओल्या कोर्टवर किंवा विजा चमकत असताना खेळू नये.

एवढे झाले की पालकांनी शक्यतो कोर्टकडे पाठ करून बसावे. ‘अगं, तो चेंडू बाहेर होता!’ असे एकदा कडेवरून ओरडले की सामना मुलींचा राहत नाही, दोन घरांचा होतो. घरी परतताना ‘जिंकलीस का?’ याआधी ‘मजा आली का?’ असे विचारणारे घर मुलाला दुसऱ्या सामन्यासाठी फोन करायला लावते.

प्रशिक्षकांच्या मनात कधी कधी धास्ती असते की दुसऱ्या अकादमीतील मुलांशी खेळताना विद्यार्थी तिकडेच जाईल. प्रत्यक्षात सामन्यातून परतलेला विद्यार्थी नेमके प्रश्न घेऊन येतो: ‘सर, उंच उसळलेल्या चेंडूवर माझा बॅकहँड का पडतो?’ अशा विद्यार्थ्याला शिकवणे सोपे जाते. आठवड्यातील एक तास सामन्यांसाठी मोकळा ठेवणे, पालकांच्या संमतीने खेळू इच्छिणाऱ्यांची यादी सूचनाफलकावर लावणे आणि सामन्याला निघताना विद्यार्थ्याला एकच उद्दिष्ट देणे, एवढे प्रत्येक अकादमीला शक्य आहे.

पुढच्या वाटेवरची शिदोरी

अठराव्या वर्षानंतर या सवयीचे मोल अधिक जाणवते. व्यावसायिक टेनिसच्या पहिल्या पायरीवर, एकूण १५ हजार डॉलर बक्षीस रकमेच्या स्पर्धांत, अनेक खेळाडू प्रशिक्षकाविना एकटेच फिरतात. अनोळखी गावी उतरायचे, सरावाच्या कोर्टसाठी नाव नोंदवायचे आणि अनोळखी खेळाडूला ‘उद्या अर्धा तास माझ्याबरोबर खेळशील?’ असे विचारायचे, हा त्यांचा रोजचा दिनक्रम असतो. अमेरिकेतील विद्यापीठांत शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्यांनाही स्वतःच्या सरावाची जबाबदारी स्वतःच उचलावी लागते. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून, तर पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. ऋतुजाने पुढे २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले.

टेनिस शिकणारी सगळीच मुले तिथवर पोहोचणार नाहीत. बहुसंख्य मुले दहावी-बारावीच्या सुमारास स्पर्धा सोडून अभ्यासाकडे वळतील. पण ज्याला फोन करून जोडीदार जमवता येतो, कोर्ट मिळवता येते, भांडण मिटवता येते आणि हरल्यावर हस्तांदोलन करता येते, त्याचा खेळ अकादमी सुटली म्हणून सुटत नाही. तो चाळिशीतही रविवारी सकाळी कोर्टवर दिसतो. त्याची सुरुवात या सुट्टीतल्या एका फोनने होऊ शकते: ‘उद्या सकाळी सात वाजता. दोन सेट. येशील?’